हिमगाभा कसा काढावा: हाती गिरमिटापासून खोल ड्रिलपर्यंत

महाराष्ट्रात कुठेही बोअर मारताना पाहिलेल्या माणसाला छिद्र पाडण्याचे एक साधे चित्र ठाऊक असते. खडक फुटतो, दाबाखालची हवा भुकटी वर फेकते आणि भोक वर्षानुवर्षे जसेच्या तसे उभे राहते. कोयना परिसरात गोठणे येथे भूकंपांच्या अभ्यासासाठी २०१७ मध्ये सुमारे ३ किलोमीटर खोल बोअर पूर्ण झाले, ते याच कातळाच्या भरवशावर. अंटार्क्टिका आणि ग्रीनलँडमधील बर्फात तेवढ्याच खोलीपर्यंत मजल गेलेली आहे, परंतु तेथे वरील चित्र बहुतेक ठिकाणी उलटे होते. बर्फ कापायला मुळीच कठीण नसतो; कापलेला चुरा दूर करणे कठीण असते. खोलवर गेलेले भोक उभे राहत नाही, वरच्या वजनाखाली बर्फ वाहतो आणि भोक हळूहळू मिटत जाते. शिवाय बोअरवाल्याला भोक हवे असते, तर हिमसंशोधकाला भोकातून निघणारा अखंड दंडगोल हवा असतो. या दंडगोलाला आपण हिमगाभा म्हणतो.

गोव्यात वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रामुळे आपल्याकडील विद्यार्थ्यांना या कामाची वाट मोकळी झाली आहे. त्या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्यांना हाती गिरमिटापासून खोल ड्रिलपर्यंतचे काम क्रमाने समजावे, या हेतूने हा लेख लिहिला आहे. लेखातील जवळजवळ प्रत्येक सूचनेच्या मुळाशी चुऱ्याचा प्रश्न आहे. तो नीट समजला, तर बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

आधी प्रश्न, मग जागा, मग यंत्र

गाभा कशासाठी हवा आहे हे ठरल्याशिवाय यंत्राची निवड करू नये. समजा एखाद्या ठिकाणी वर्षाला २० सेंटिमीटर पाण्याइतका हिमवर्षाव साठतो आणि वरच्या २० मीटर थराची सरासरी घनता (पाण्याची १ धरून) ०.४५ आहे. तेव्हा त्या २० मीटरमध्ये ९ मीटर पाण्याइतका बर्फ असतो, म्हणजे साधारण ४५ वर्षांची नोंद. अंटार्क्टिकाच्या अंतर्भागातील डोम सी या ठिकाणी वर्षाला जेमतेम अडीच सेंटिमीटर पाण्याइतके हिम साठते. तेथे तेवढीच खोली ३०० वर्षांहून मागे नेते, पण एकेक वर्ष वेगळे ओळखणे जवळपास अशक्य होते. बारकावा हवा असेल तर जास्त हिमवर्षावाची जागा आणि दूरचा भूतकाळ हवा असेल तर कोरडी, उंच जागा, ही निवड पहिल्याच दिवशी करावी लागते.

जागा शक्यतो हिमघुमटाच्या माथ्यावर किंवा हिमविभाजकावर, म्हणजे जेथून बर्फ दोन्ही बाजूंना वाहू लागतो त्या रेषेवर, घ्यावी. तेथे बर्फ मुख्यतः खाली दबतो, आडवा फारसा सरकत नाही आणि थरांचा क्रम शाबूत राहतो. बर्फभेदी रडारने आधी थरांचे छेद पाहावेत. ज्या जागी थर सपाट आणि अखंड दिसतात, तीच जागा धरावी. त्याच रडारने हिमभेगाही शोधल्या जातात, आणि त्या शोधल्याशिवाय कोणीही दोराविना पाऊल टाकू नये. परवानगीचा टप्पा कागदी वाटला तरी अपरिहार्य आहे. अंटार्क्टिकाच्या पर्यावरण रक्षणाचा करार १९९८ पासून अमलात आहे, आणि आपल्या देशाचा भारतीय अंटार्क्टिक अधिनियम २०२२ चा आहे. कोणता द्रव वापरणार, किती सांडू शकतो, काय परत आणणार, याची उत्तरे अर्जातच द्यावी लागतात.

खोलीनुसार यंत्राची विभागणी ढोबळमानाने अशी होते. १५ ते २० मीटरपर्यंत हाती गिरमिट पुरते. त्यापुढे साधारण २०० मीटरपर्यंत, आणि बर्फ थंड व चांगला असल्यास आणखी काही अंतर, केबलला टांगलेले विजेवर चालणारे ड्रिल कोरड्या भोकात चालते. साडेतीनशे मीटरच्या आसपास कोरडे काम संपते, आणि भोकात द्रव भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

यंत्राची अंगे

लहान असो वा मोठे, प्रत्येक गाभा-ड्रिल पाच कामे करते: बर्फात कडे (गाभ्याभोवतीची वर्तुळाकार खाच) कापणे, गाभा आत घेणे, चुरा वर नेणे, गाभा मुळापासून तोडणे आणि तो न निसटता वर आणणे. सर्वांत खाली मुकुटासारखे कापणारे टोक असते आणि त्यावर बहुधा तीन पाती बसवलेली असतात. पात्यांच्या वर, नळीच्या आतील बाजूस, स्प्रिंगने दाबलेले छोटे खटके असतात. गाभा वर सरकत असताना ते मागे होतात, आणि ड्रिल वर ओढताच गाभ्यात रुततात. गाभ्याच्या नळीबाहेर सर्पिल पट्टी गुंडाळलेली असते. ती चुरा वर ढकलते. विजेच्या ड्रिलमध्ये या फिरत्या नळीभोवती दुसरी, न फिरणारी नळी असते, वर चुऱ्याचा कप्पा, त्याच्या वर मोटर व गिअर, आणि सर्वांत वर भोकाच्या भिंतीवर टेकणाऱ्या पोलादी पट्ट्या असतात.

या पट्ट्यांचे महत्त्व नवख्याच्या लक्षात येत नाही. पाती एका दिशेने फिरली की ड्रिलचा उरलेला भाग उलट दिशेने फिरू पाहतो. त्याला भिंतीचा आधार मिळाला नाही, तर पाती जागच्या जागी राहतात, ड्रिल स्वतःभोवती फिरते आणि केबलला पीळ पडतो. वरच्या मऊ थरात पट्ट्यांची पकड सैल असते, म्हणून पहिले काही मीटर हाती गिरमिटाने किंवा मार्गदर्शक नळी लावून काढावेत आणि नंतरच केबलचे ड्रिल सोडावे. पट्ट्या फार ताणल्या, तर ड्रिल स्वतःच्या वजनाने खाली उतरत नाही. योग्य ताण प्रत्येक ठिकाणी हातानेच शोधावा लागतो.

हाती गिरमिटाचे काम

माझ्या मते मोठ्या ड्रिलवर काम करू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने आधी एक हंगाम हाती गिरमिटावर घालवावा. त्यात बर्फाची जात तळहाताला कळते, आणि ते ज्ञान पुढे मोटरच्या प्रवाहाचा आकडा वाचताना उपयोगी पडते.

पहिली गोष्ट म्हणजे अवजार थंड करणे. उन्हात पडलेली धातूची नळी शून्याखालच्या हवेतही तापते. ती भोकात गेली की संपर्कातला बर्फ वितळतो आणि लगेच गोठून पात्यांवर चिकटतो. म्हणून सुरुवातीपूर्वी अर्धा-एक तास सर्व भाग सावलीत, बर्फावर ठेवावेत. दरम्यान पायाने तुडवलेले वरचे सैल हिम बाजूला करावे, मध्ये भोक असलेली प्लायवूडची फळी घट्ट बसवावी आणि तिची वरची कड हीच खोलीची शून्य पातळी मानावी. पुढे हिम उडून येईल, फळीभोवती ढीग साचेल, पण संदर्भपातळी बदलता कामा नये. जनरेटर, इंधन आणि माणसांचा वावर वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवावा, अन्यथा गाभ्याच्या रासायनिक तपासणीत आपलाच धूर सापडतो.

दोघांनी आडवी मूठ धरून संथपणे फिरवावे आणि तिसऱ्याने नोंद ठेवावी. खाली दाबू नये. गिरमिटाचे वजन पुरेसे असते, आणि दाब दिल्यास पाती बर्फात एकदम घुसून अडकतात. नळी एक मीटरची असली तरी एका फेरीत ५० ते ७० सेंटिमीटरच कापावे, कारण उरलेली जागा चुऱ्याला लागते. लोभाने पूर्ण नळी भरण्याचा प्रयत्न केला की चुरा नळी आणि भिंत यांच्यात कोंबला जातो, आणि अडकलेली गिरमिटे बहुतेक अशाच घाईची असतात. दांड्यावर पट्टी चिकटवून थांबण्याची खूण आधीच करून ठेवावी.

खूण आली की फिरवणे थांबवावे आणि सरळ वर एक ठाम झटका द्यावा. खटके गाभ्यात रुततात आणि तो बुडापासून तुटतो; हातांना तो तुटल्याचे स्पष्ट जाणवते. मग एकेक दांडा सोडवत वर काढावे. प्रत्येक दांडा सोडवताना खालची साखळी फळीवर खोबणीच्या पट्टीने अडकवून ठेवावी आणि शिवाय दोर बांधावा. हातमोजे घातलेल्या बोटांतून सुटलेला दांडा किंवा भोकात पडलेला एखादा पान्हा संपूर्ण हंगाम वाया घालवू शकतो. म्हणून भोकाच्या तोंडाशी काम सुरू असताना ते झाकून ठेवण्याची सवय पहिल्या तासापासून लावून घ्यावी. वर आल्यावर नळी आडवी धरून गाभा अलगद सरकवावा. नळीवर ठोकू नये. सर्पिल पट्टी आणि पाती नायलॉनच्या ब्रशने स्वच्छ करूनच पुढची फेरी घ्यावी. गाभ्याच्या वरच्या टोकाशी भिंतीवरून पडलेला सैल चुरा असतो. तो वेगळा काढावा, कारण लांबीत धरला गेल्यास पुढचे सगळे वय चुकते.

पंधरा मीटरच्या पुढे दांड्यांचे वजन आणि जोडण्या-सोडण्याचा वेळ यांमुळे माणसे थकतात. तिकाटणे आणि हाताची विंच लावल्यास काही मीटर आणखी मिळतात, पण तोवर मोठ्या यंत्राचा विचार केलेला बरा.

केबलच्या ड्रिलची एक फेरी

विजेच्या ड्रिलसाठी लागते ती विंच, आतून वीजतारा नेणारी पोलादी केबल, आडवा-उभा होणारा मनोरा आणि केबलवरचा ताण दाखवणारा मापक. मनोरा तंबूत किंवा हिमात खणलेल्या खंदकात उभारावा, म्हणजे यंत्र सावलीत आणि वाऱ्याबाहेर राहते. प्रत्येक फेरीचा क्रम ठरलेला असतो. ड्रिल खाली सोडले जाते; तळ लागला की केबलवरचा ताण उतरतो. मोटर सुरू करून विंच कापण्याच्या गतीनेच सोडायची, म्हणजे ड्रिलचे थोडेच वजन पात्यांवर राहते आणि ड्रिल लंबरेषेत टांगलेले राहते. केबल ढिली सोडली की ड्रिल एका बाजूला झुकते आणि भोक तिरके जाते. नळी भरली की मोटर बंद करावी आणि विंचने ओढावे. ताण चढत जातो आणि गाभा तुटताच एकदम उतरतो. वर आल्यावर मनोरा आडवा करून नळी काढली जाते, गाभा तबकावर सरकवला जातो, चुऱ्याचा कप्पा रिकामा होतो आणि तीच फेरी पुन्हा सुरू होते.

चुऱ्याचा हिशेब एकदा स्वतः करून पाहावा. युरोपीय संघांच्या खोल ड्रिलमध्ये गाभा ९८ मिलिमीटरचा आणि भोक सुमारे १३० मिलिमीटरचे असते. मधल्या कड्याचे क्षेत्रफळ साधारण ५७ चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजे एक मीटर गाभ्यामागे साडेपाच लिटरहून अधिक घन बर्फाचा चुरा होतो आणि सैल असल्याने तो दहा लिटरच्या आसपास जागा व्यापतो. गाभा स्वतः मात्र साडेसात लिटरचा असतो. वर आणायच्या गाभ्यापेक्षा चुऱ्यालाच जास्त जागा लागते! या एका आकड्यावरून चुऱ्याचा कप्पा गाभ्याच्या नळीइतका किंवा त्याहून लांब का असतो ते कळते.

पाती, टेकू आणि चाल

ड्रिल नीट कापत नाही अशी तक्रार आली की बहुतेक वेळा दोष मोटरमध्ये नसून पात्यांच्या मांडणीत असतो, म्हणून येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. एका पूर्ण गिरकीत पाती जितकी खाली उतरतात त्याला आपण चाल म्हणू. पात्यांच्या मागे बर्फावर टेकणारे छोटे टेकू असतात, आणि पात्याची धार टेकूपेक्षा किती खाली आहे त्यावर चाल ठरते. चाल ४ मिलिमीटर असेल आणि पाती तीन असतील, तर प्रत्येक पाते सव्वा मिलिमीटरहून किंचित जाड पापुद्रा काढते. मिनिटाला ६० गिरक्या धरल्या तर २४ सेंटिमीटर काम होते आणि एक मीटर गाभा सुमारे चार मिनिटांत भरतो.

तिन्ही टेकू अगदी सारख्या उंचीचे असावेत. एक जरी वेगळा असला, तर सगळा भार एकाच पात्यावर येतो, टोक थरथरते आणि गाभ्याच्या अंगावर सर्पिल खोबण्या उमटतात. पात्याच्या धारेमागे उतार पुरेसा नसेल, तर धार टेकायच्या आधीच पाठ टेकते आणि ड्रिल फिरत राहूनही खाली उतरत नाही. पाती दगडावर घासण्यापेक्षा धार लावलेला जादा संच सोबत ठेवून बदलणे शहाणपणाचे. राखेचा किंवा धुळीचा थर लागल्यावर धार एका फेरीत उतरू शकते.

कोणतेही मापक नसले तरी चुरा बोलतो. भरड, साखरेच्या दाण्यासारखा चुरा पडत असेल तर पाती व्यवस्थित कापत आहेत. पिठासारखी भुकटी पडत असेल तर पाती बोथट आहेत किंवा चाल फार कमी आहे. ही भुकटी लवकर घट्ट बसते आणि कप्प्यात नीट वर जात नाही. ओलसर, गोळे होणारा चुरा म्हणजे बर्फ वितळणबिंदूजवळ आहे किंवा ड्रिल तापलेले आहे. गाभा बिस्किटांसारख्या चकत्यांत तुटून येत असेल तर आधी धार, मग चाल, आणि मग खटक्यांची टोके तपासावीत. हे निदान प्रत्येक फेरीनंतर करावे आणि वहीत लिहावे. दहा मीटरनंतर आठवणीवर विसंबता येत नाही.

अडकण्याची चाहूल आणि उपाय

मोटरचा प्रवाह सावकाश चढत गेला, तर चुरा साचतो आहे असे समजून नळी भरलेली नसली तरी फेरी तेथेच थांबवावी. अर्धा भरलेला गाभा वर आणण्यात काहीच कमीपणा नाही. प्रवाह एकदम उसळला, तर काहीतरी अडले आहे. लगेच मोटर थांबवावी. प्रवाह कमी आणि उतरणे शून्य, असे असेल तर पात्यांवर बर्फ गोठला आहे किंवा पट्ट्यांची पकड सुटली आहे.

ड्रिल अडकलेच, तर पूर्ण ताकदीने ओढण्याचा मोह आवरावा, कारण केबल तुटली की सुटकेचा मार्गही संपतो. केबलवर मध्यम ताण कायम ठेवावा आणि मोटर थोडी उलट-सुलट फिरवून पाहावी. तरीही ड्रिल हलले नाही, तर ग्लायकॉल किंवा अल्कोहोलसारखा न गोठणारा द्रव खाली सोडावा आणि वाट पाहावी. हा द्रव पुरेसा तीव्र हवा. पातळ असल्यास तो थोडा बर्फ विरघळवतो, आणखी पातळ होतो आणि थंड बर्फात पुन्हा गोठून आधीपेक्षा वाईट पकड निर्माण करतो. द्रवाने भरलेल्या खोल बोअरमध्ये गोठवलेल्या ग्लायकॉलच्या गोळ्या सोडतात, म्हणजे त्या बुडून थेट ड्रिलपर्यंत पोहोचतात.

सगळे उपाय करूनही ड्रिल गमवावे लागते, हे अनुभवी संघांच्या बाबतीतही घडले आहे. ग्रीनलँडमधील कँप सेंच्युरी येथे १९६६ मध्ये बर्फाच्या तळापर्यंत पहिल्यांदा पोहोचलेले आणि १९६८ मध्ये अंटार्क्टिकाच्या बर्ड तळावर २,१६४ मीटर गेलेले ड्रिल पुढच्याच वर्षी तेथे अडकले आणि कायमचे हरवले. डोम सी येथील युरोपीय प्रकल्पाचे पहिले बोअर १९९८-९९ च्या हंगामात ७८८ मीटरवर अडकले. संघाने जवळच नवे बोअर सुरू केले आणि २००४ च्या डिसेंबरात सव्वातीन किलोमीटरच्या आसपास पोहोचून ८ लाख वर्षांची नोंद वर आणली.

गाभा हातात आल्यावर

गाभा तबकावर येताच त्याचे वरचे टोक आधीच्या गाभ्याच्या खालच्या टोकाशी जुळवावे. तुटीच्या कडा जुळल्या तर मध्ये काही गमावलेले नाही. जुळल्या नाहीत तर किती गेले याचा अंदाज तेथेच लिहावा. विंचच्या नोंदीतली खोली आणि जुळवलेल्या गाभ्यांच्या लांबीची बेरीज यांत फरक पडतोच. दोन्ही आकडे वेगवेगळ्या रकान्यांत ठेवावेत आणि एकाला दुसऱ्याच्या सोयीने दुरुस्त करू नये.

त्यानंतर वर दाखवणारा बाण, फेरीचा क्रमांक, वरच्या टोकाची खोली आणि लांबी, एवढे गाभ्याजवळ लिहिले गेल्याशिवाय तो हलवू नये. उलटा ठेवलेला एक तुकडा म्हणजे उलटा वाचलेला इतिहास. मग वजन घ्यावे. ९ सेंटिमीटर व्यासाचा मीटरभर गाभा ०.४ घनतेला अडीच किलोचा भरतो आणि ०.९ घनतेला पावणेसहा किलोच्या जवळ. त्यामुळे साधा तराजू आणि मोजपट्टी यांवरच घनतेचा आलेख मैदानावर तयार होतो. वरचे हिम दबत दबत आधी घट्ट पण सच्छिद्र होते, त्याला फिर्न म्हणतात, आणि घनता ०.८३ च्या सुमारास पोहोचली की छिद्रे बंद होऊन हवा बुडबुड्यांत अडकते. अनेक ठिकाणी हे ६० ते १०० मीटरदरम्यान होते. याचा अर्थ बुडबुड्यांतली हवा भोवतालच्या बर्फापेक्षा वयाने लहान असते, आणि गाभा वाचणाऱ्याला दोन वेगळी वये सांभाळावी लागतात.

वितळून पुन्हा गोठलेले काचेसारखे थर, राखेच्या रेषा, भेगा, सगळे डोळ्यांनी पाहून नोंदवावे. पुढे प्रयोगशाळेत १८८३ च्या क्राकाटोआसारख्या ज्वालामुखींच्या सल्फेटखुणा वय ठरवायला मदत करतात, पण त्या खुणेची खोली आज तबकावर बरोबर लिहिली गेली असेल तरच. शेवटी गाभा स्वच्छ हातमोज्यांनी पॉलिथिनच्या नळीपिशवीत घालावा, दोन्ही टोकांना लेबल लावावे आणि उष्णतारोधक पेटीत ठेवावा.

द्रवाने भरलेले खोल बोअर

हजार मीटर खोलीवर बर्फाचा दाब ९० वातावरणांच्या, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या ९० पटींच्या, आसपास असतो. रिकामे भोक तेथे टिकत नाही. त्यामुळे बर्फाच्याच घनतेच्या जवळचा, उणे पन्नास अंशांतही पातळ राहणारा, बर्फ न विरघळवणारा द्रव भरावा लागतो. केरोसीन सहज मिळते, पण त्याची घनता ०.८ च्या आसपास असते. तीन हजार मीटरवर एवढ्या फरकाने ३० हून अधिक वातावरणांचा दाब भोकाला मिटवायला उरतो, म्हणून त्यात जड द्रव मिसळतात. त्यासाठी वापरले गेलेले एक रसायन ओझोनला घातक ठरले. ग्रीनलँडमधील जीआयएसपी-२ या प्रकल्पात आणि अंटार्क्टिकातील डोम फुजी येथे ब्युटिल ॲसिटेट वापरले गेले, ज्याचा उग्र वास बंद खंदकात काम करणाऱ्यांना त्रासदायक असतो. पुढे ग्रीनलँडच्या नीम प्रकल्पात त्यामानाने सौम्य एस्टर वापरण्यात आली. सर्व बाजूंनी आदर्श असा द्रव अजून सापडलेला नाही, आणि जो निवडाल त्याच्यासोबत हवा खेळती ठेवण्याची सोय आधी करावी, असे मी आग्रहाने सांगेन.

प्रमाणाचाही विचार हवा. १३० मिलिमीटरच्या तीन किलोमीटर भोकाला जवळपास ४० हजार लिटर द्रव लागतो, आणि तो सगळा विमानाने किंवा बर्फावरील ट्रॅक्टरच्या तांड्याने आणायचा असतो. वरच्या सच्छिद्र फिर्नमधून द्रव झिरपून जाऊ नये म्हणून पहिल्या शंभरेक मीटरला नळीचे अस्तर घालतात. वेळेचा हिशेब असा: सेकंदाला एक मीटर वेगाने केबल सोडली तरी तीन किलोमीटरला ५० मिनिटे जायला आणि ५० यायला लागतात, आणि हाती येतो तीन-चार मीटरचा तुकडा. म्हणूनच खोल ड्रिलच्या नळ्या लांब करण्यासाठी इतकी धडपड चालते.

साधारण ५०० ते १,३०० मीटरदरम्यान ठिसूळ बर्फाचा पट्टा येतो. तेथे बुडबुड्यांतली हवा इतकी दाबलेली असते की गाभा वर येताच तडकतो, कधी आवाज करत फुटतो. याखाली हवा बर्फाच्या स्फटिकरचनेतच सामावते आणि गाभा पुन्हा नितळ व मजबूत होतो. ठिसूळ पट्ट्यातले तुकडे लगेच कापू नयेत. जाळीच्या पिशवीत घालून ते थंड खंदकात पुढच्या हंगामापर्यंत विसावू द्यावेत. पश्चिम अंटार्क्टिकातील वैस डिव्हाइड प्रकल्पात हाच मार्ग वापरला गेला.

तळाजवळ पुन्हा नवे संकट असते. पृथ्वीच्या उष्णतेने तेथील बर्फ वितळणबिंदूला टेकतो, चुरा चिकट होतो आणि फेरी मीटरभराच्या आत आणावी लागते. ग्रीनलँडमधील नॉर्थग्रिप येथे २००३ मध्ये ३,०८५ मीटरवर तळ गाठताच खालचे पाणी बोअरमध्ये चढले. युरोपीय संशोधकांचा संघ जानेवारी २०२५ मध्ये अंटार्क्टिकातील लिटल डोम सी येथे २,८०० मीटरवर तळाला पोहोचला, आणि त्या गाभ्यात किमान १२ लाख वर्षांची नोंद आहे.

उंच पर्वतांवर

हिमालयासारख्या पर्वतांत बर्फ पुष्कळदा शून्य अंशाच्या जवळ असतो. तेथे पात्यांऐवजी तापलेल्या कड्याने वर्तुळ वितळवत जाणारे औष्णिक ड्रिल सोयीचे पडते. ते संथ असते आणि वीज खाते, पण ओला चुरा होण्याचा प्रश्नच उरत नाही. अतिशय थंड बर्फात मात्र ते वापरू नये, कारण वितळलेले पाणी ड्रिलभोवती गोठते आणि गाभ्याला उष्णतेचा धक्का बसून तडे जातात. जनरेटर नेणे शक्य नसेल, तेथे १९८३ मध्ये पेरूतील केल्काया हिमटोपीवर लॉनी थॉम्पसन यांच्या संघाने वापरलेला मार्ग आजही विचारात घेण्याजोगा आहे: सौर पॅनेलच्या विजेवर ड्रिल चालवून त्यांनी दीडशे मीटरहून खोल दोन गाभे काढले.

बोअर सोडताना आणि परतीच्या वाटेवर

काम संपल्यावर भोक लगेच बुजवू नये. काही दिवस थांबून त्यातील तापमान वेगवेगळ्या खोलींवर मोजावे. १० ते १५ मीटर खोलीचे तापमान त्या जागेच्या वार्षिक सरासरीच्या जवळ असते. तोंड झाकून बांबूचा झेंडा लावावा आणि अक्षांश-रेखांश लिहून ठेवावेत. पाती पुसून, कोरडी करून, एकेक वेगळी गुंडाळावीत.

गाभ्याचा परतीचा प्रवास विषुववृत्तावरून होतो, आणि त्या वाटेत शीतकंटेनरची वीज काही तास गेली तर सगळे कष्ट पाण्यात जातात, शब्दशः. प्रत्येक पेटीत तापमान-नोंदक ठेवावा, तोही पेटीच्या मध्यभागी, झाकणाजवळ नव्हे. बंदरावर पेट्या उतरवण्याची वेळ पहाटेची किंवा रात्रीची ठरवावी आणि प्रयोगशाळेचे शीतकक्ष आधीच रिकामे करवून घ्यावेत. वास्कोच्या केंद्रात उणे २० अंशांची हिमगाभा प्रयोगशाळा आहे. अंटार्क्टिकातील राणी मॉडच्या भूमीवरून आणलेल्या साठेक मीटरच्या एका गाभ्यातून तेथील शास्त्रज्ञांनी सुमारे ४७० वर्षांचा काळ वाचला आहे. पेटी उघडल्यावर आधी नोंदकाचा आलेख पाहावा, मग बाण आणि क्रमांक मैदानावरच्या वहीशी ताडून घ्यावेत, आणि तेवढे जुळल्यानंतरच गाभा पट्टीकरवतीखाली उभा चिरावा. एक भाग तपासणीला जाईल. दुसरा भाग, त्यावर पुन्हा तोच बाण काढून आणि तेच लेबल लावून, साठवणीच्या मांडणीत परत ठेवावा.